पेहराव बदलला, परवानगी कोणाची?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील व्याख्यानाचा मजकूर)



एखाद्या सुस्थित मराठी कुटुंबाच्या दिवाणखान्यातील जुनी छायाचित्रे ओळीने पाहिली, तर शंभर-सव्वाशे वर्षांचा पेहरावाचा इतिहास एका भिंतीवर सापडतो. पणजोबांच्या डोक्यावर पगडी आणि खांद्यावर उपरणे, आजोबांच्या डोक्यावर टोपी, अंगात कोट आणि खाली धोतर, वडील बुशशर्ट आणि पँटमध्ये, नातू जीन्समध्ये. स्त्रियांच्या रांगेत नऊवारी लुगडे, मग पाचवारी गोल साडी, मग ‘पंजाबी ड्रेस’ आणि अखेर तीच जीन्स. पाहणारा म्हणतो, काळ बदलला. त्याच घरातील वडीलधारे म्हणतात, लाजलज्जा उरली नाही.

या दोन्ही प्रतिक्रियांत एक गोष्ट निसटते. ज्या घरात छायाचित्र काढून घेण्याइतका पैसा आणि मान होता, त्या घराचाच हा इतिहास आहे. ज्या घरांत पणजोबांचे एकही चित्र नाही, त्या घरांतील पेहराव काळाच्या ओघात सहजासहजी बदललेला नाही. तेथे डोक्यावरचा फेटा, पायातील वहाण, लुगड्याचा घोळ यांपैकी प्रत्येक गोष्टीसाठी कोणीतरी आज्ञा मोडलेली आहे आणि तिची किंमत दिलेली आहे. म्हणून पेहराव आणि रीतीभाती यांच्या बदलाकडे पाहताना कार्यकर्त्याने ‘काय बदलले’ एवढे विचारून थांबू नये. बदल करण्यासाठी कोणाची परवानगी लागत होती, आणि आज ती कोणाची लागते, हा खरा प्रश्न आहे.

जातीचा दाखला

एकोणिसाव्या शतकात अनोळखी माणूस गावच्या वेशीत शिरला, म्हणजे त्याला जात विचारण्याचे कारण फारसे पडत नसे. पगडीची घडण, पागोट्याचा पीळ, धोतराची लांबी, पायात काही आहे की नाही, एवढ्यावरून त्याला कोठे बसवायचे आणि पाणी कसे द्यायचे हे ठरत असे. स्त्रीचे लुगडे पोटरीवर आहे की घोट्यापर्यंत, दागिना सोन्याचा आहे, चांदीचा आहे की कथलाचा, यावरून तिचे घर गावात आहे की गावकुसाबाहेर, हे ओळखू येई.

भाषाही याच मापाने बेतलेली होती. गोविंद हे एकच नाव. पण ब्राह्मणाच्या घरी तो गोविंदपंत होई, पाटलाच्या वाड्यात गोविंदराव होई आणि गावकुसाबाहेर गोंद्या राही. साठ वर्षांच्या गोंद्याने पाटलाच्या दहा वर्षांच्या मुलाला ‘जी’ म्हणायचे आणि त्या मुलाने त्याला ‘अरे’ म्हणायचे, ही त्या काळची सभ्यता होती. महाराने ‘जोहार’ घालायचा. त्यात बरोबरीच्या उत्तराची अपेक्षाच नसे. पुढे ‘जय भीम’ हे अभिवादन रूढ झाले. त्याच्या प्रसाराचे श्रेय कामठीचे कार्यकर्ते बाबू हरदास यांना दिले जाते. हा केवळ दोन शब्दांचा बदल नव्हता. ज्या अभिवादनात कमरेतून वाकणे गृहीत होते, त्याच्या जागी ताठ उभे राहून घालावयाचे आणि तशाच शब्दांनी परत मिळणारे अभिवादन आले.

परक्या राज्यकर्त्यांनाही या व्याकरणाचा उपयोग चांगला कळला होता. लॉर्ड ॲम्हर्स्ट गव्हर्नर-जनरल असताना (१८२३-२८) आपल्यासमोर येणाऱ्या हिंदी माणसाने आदर म्हणून पादत्राणे काढावीत, असा आग्रह धरला गेला आणि डलहौसीच्या काळात तो अधिक कडक झाला. १८६२ मध्ये मुंबई इलाख्यातील सुरतेच्या फौजदारी अदालतीत असेसर असलेले माणकजी कावसजी एंटी यांनी सेशन्स न्यायाधीशापुढे पादत्राणे काढण्याचे नाकारले. आपला अपमान होतो, हे त्या काळच्या सुशिक्षितांना त्या प्रसंगी बरोबर समजले. परंतु साहेबापुढे जोडे काढताना ज्यांना अपमान वाटत होता, त्यांच्यापैकी बहुतेकांना आपल्या ओट्यासमोरून अस्पृश्याने वहाणा हातात घेऊन जावे यात काही वावगे वाटत नव्हते. राष्ट्रीय स्वाभिमान आणि सामाजिक समता यांची फारकत तेथपासून दिसते आणि ती अजून पुरती मिटलेली नाही.

टाकणारे आणि घेणारे

दक्षिणेत त्रावणकोर संस्थानात तर वस्त्र पांघरण्याचा हक्क हाच लढ्याचा विषय झाला. त्या काळी ‘शाणार’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या नाडार समाजातील स्त्रियांना उच्च जातींपुढे छाती झाकण्याची मुभा नव्हती. त्यांनी ती रीत मोडण्यास प्रारंभ केला, तेव्हा १८२२ मध्ये त्यांच्यावर हल्ले झाले. १८२९ च्या राजघोषणेने त्यांना मनाई केली. दीर्घ संघर्षानंतर १८५९ मध्ये मुभा मिळाली. परंतु उच्च जातींच्या स्त्रियांप्रमाणे वस्त्र घेऊ नये ही अट कायम राहिली. अंग झाकण्यास संमती मिळाली, सारखे दिसण्यास मिळाली नाही. सनातनी मनाची खरी भीती कोठे असते, ते या एका अटीतून उघड होते.

महाराष्ट्रात जोतीराव फुले यांनी पेहरावाचा राजकीय अर्थ फार लवकर ओळखला. १८८८ मध्ये ड्यूक ऑफ कॅनॉट यांच्या सन्मानार्थ पुण्यात झालेल्या समारंभास ते शेतकऱ्याच्या वेषात गेले. जडजवाहीर आणि भरजरी पोशाखांच्या गर्दीत त्यांनी राजपुत्राला बजावले की, येथे जमलेले लोक म्हणजे हिंदुस्थान नव्हे. तो पाहावयाचा असेल तर खेड्यांत जावे लागेल.

पुढे २२ सप्टेंबर १९२१ रोजी मदुराईत गांधीजींनी सदरा आणि टोपी टाकून केवळ पंचा नेसण्याचा निर्णय केला. बॅरिस्टर झालेल्या माणसाने देशातील सर्वांत गरीब शेतकऱ्याएवढेच वस्त्र अंगावर ठेवले. त्यानंतर सहा वर्षांनी, डिसेंबर १९२७ मध्ये, महाडच्या सत्याग्रह परिषदेच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अस्पृश्य स्त्रियांपुढे भाषण केले आणि नेमका उलट उपदेश केला. लुगडे नेसण्याची तुमची तऱ्हा ही तुमच्या अस्पृश्यतेची खूण आहे, ती पुसून टाका. स्पृश्य स्त्रिया नेसतात तसे नेसा. गळाभर आणि हातभर घातलेले कथलाचे व चांदीचे दागिने टाका. कपडा फाटका असला तरी चालेल, पण स्वच्छ ठेवा, असा त्या सांगण्याचा आशय होता. बाबासाहेब स्वतः कोट-पँट-टायमध्ये वावरले आणि गावोगावच्या पुतळ्यांतून तो निळा कोट आज उभा आहे.

या दोन निर्णयांतील एक खरा आणि दुसरा खोटा ठरविण्याचा खटाटोप अनेकांनी केला. वस्तुतः दोघांनीही जन्म आणि पेहराव यांची गाठ सोडविण्याचेच काम केले. फक्त दोघे दोन टोकांकडून निघाले होते. ज्याच्याकडे वस्त्र होते त्याला ते टाकता आले. ज्याला ते नाकारले गेले होते, त्याला आधी ते मिळविणे भाग होते. शतकानुशतके लंगोटीवर ठेवलेल्या माणसाला साधेपणाचा उपदेश करणे हे क्रौर्य ठरले असते. आजही एखाद्या वस्तीतील तरुण कर्ज काढून भारी बूट घेतो, तेव्हा त्याला चंगळवादी म्हणून झिडकारण्यापूर्वी कार्यकर्त्याने महाडचे ते भाषण आठवावे.

घराण्याची अब्रू

पुरुषाने धोतर सोडले, तेव्हा संस्कृती बुडाल्याची ओरड थोडी झाली आणि लवकर थांबली. कचेरीत जायचे तर पँट हवी, हे सर्वांनी मान्य केले. स्त्रीच्या पेहरावाला मात्र ही सवलत मिळाली नाही. पुरुषाने पोट भरण्यासाठी वेष बदलावा आणि घराण्याची अब्रू स्त्रीने अंगावर वागवावी, अशी ही विभागणी होती.

तिचे सर्वांत क्रूर रूप विधवेच्या वाट्याला आले. केशवपन, आलवण आणि अंधारी खोली हा ब्राह्मण व इतर काही उच्च जातींतील विधवेचा सक्तीचा पेहराव आणि सक्तीची रीत होती. १८९० मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रयत्नाने मुंबईत नाभिकांची सभा भरली आणि विधवांचे केशवपन करणार नाही असा निर्धार त्यांनी केला. ज्यांच्या हातात वस्तरा होता त्यांनीच तो खाली ठेवला. लोखंडे हे गिरणी कामगारांचे पहिले संघटक आणि सत्यशोधक. कामगारांचे संघटन आणि रूढींविरुद्धचा लढा ही त्यांना दोन निराळी कामे वाटली नाहीत.

नवऱ्याचे नाव घेण्याची रीत पाहा. रमाबाई रानडे यांच्या १९१० च्या आठवणींत पतीचा उल्लेख सर्वत्र आदरार्थी आणि नाव टाळून येतो. लक्ष्मीबाई टिळकांनी ‘स्मृतिचित्रे’ लिहिली तेव्हा त्या पतीला सरळ ‘टिळक’ म्हणाल्या. दोघीही आपापल्या परीने धीट स्त्रिया होत्या. तथापि दोन ग्रंथांमधील पंचवीस वर्षांत स्त्रीच्या लेखणीने किती अंतर तोडले, ते या एका शब्दात दिसते. आज शहरातील तरुण पत्नी नवऱ्याला नावाने आणि ‘अरे’ म्हणून हाक मारते, तेव्हा सासूच्या कपाळाला आठी पडते. परंतु ‘अहो’च्या मागे बरोबरी होती की धाक, हे त्या सासूला स्वतःच्या अनुभवावरून चांगले ठाऊक असते.

पेहरावातील शालीनतेची मर्यादा किती चंचल असते, याचे उदाहरण शाळांतून मिळते. शिक्षिकेने पंजाबी ड्रेस घालून वर्गावर जावे की नाही, यावर महाराष्ट्रातील शाळांत वर्षानुवर्षे वाद झाले. साडी सोडली म्हणजे गुरुजनांचा मान गेला असे सांगितले गेले. मार्च २०२४ मध्ये राज्याच्या शालेय शिक्षण विभागाने शिक्षकांच्या पेहरावासंबंधी निर्णय काढला. त्यात जीन्स आणि टी-शर्ट नको असे सांगितले आणि स्त्रियांसाठी साडीबरोबर सलवार किंवा चुडीदार मान्य केले. काल जे उच्छृंखल होते ते आज सरकारमान्य शालीन झाले. बदलला नाही तो एवढाच समज की, शिक्षिकेने काय नेसावे हे दुसऱ्या कोणीतरी ठरवायचे असते.

हाच समज २०२२ मध्ये कर्नाटकात अधिक तीव्रपणे दिसला. हिजाब घातलेल्या मुलींना वर्गात बसू देण्याचे नाकारले गेले. १५ मार्च २०२२ रोजी तेथील उच्च न्यायालयाने सरकारी आदेश उचलून धरला आणि १३ ऑक्टोबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी परस्परविरुद्ध निर्णय दिले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये इराणात हिजाब ‘नीट’ न घेतल्याच्या आरोपावरून पकडलेली महसा अमिनी ही तरुणी मरण पावली आणि सारा देश पेटला. त्या देशात १९३६ मध्ये रझाशहाने स्त्रियांचा बुरखा सक्तीने उतरविला होता. १९७९ च्या क्रांतीनंतर मुल्लांनी तो सक्तीने चढविला. बुरख्याची चिकित्सा समाजवाद्यांनी अवश्य करावी. हमीद दलवाई यांनी ती महाराष्ट्रात निर्भयपणे केली. परंतु मुलीला शाळेच्या दाराबाहेर उभे करून होणारी सुधारणा तिला पुन्हा घरातच ढकलते, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगितले पाहिजे.

कापड स्वस्त झाले

या सर्व बदलांखाली एक आर्थिक पाया आहे. १८५६ मध्ये मुंबईची पहिली कापडगिरणी चालू झाली आणि पुढील काही दशकांत गिरणीचे स्वस्त कापड खेड्यापर्यंत पोचले. त्याने विणकरांचा धंदा बुडविला, हे खरे. पण त्याचबरोबर जातीजातींचे ठरलेले कापड आणि ठरलेला काठ यांची कोंडीही सैल केली. नऊ वारांऐवजी पाच वार ही काटकसर होती, आणि लोकलमध्ये चढणाऱ्या परिचारिकेची व टायपिस्टची ती सोयही होती. पुढे टेरिलीन आणि टेरिकॉट आले. न चुरगळणाऱ्या कापडाने धोतराचा उरलासुरला आधार काढून घेतला. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले आणि त्यानंतर मुंबईच्या गिरण्या पुन्हा पूर्वीसारख्या उभ्या राहिल्या नाहीत. कापड मात्र थांबले नाही. ते भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या यंत्रमागांवर असंघटित कामगारांच्या हातून निघत राहिले.

आज आठवडी बाजारात मिळणारी जीन्स आणि मोठ्या दुकानातील जीन्स दुरून सारखीच दिसते. घरकाम करणारी बाई आणि मालकीण दोघीही कुर्ता घालतात. हे दिसणे समतेचे आहे आणि त्याचा आनंद मानला पाहिजे. परंतु कपड्याने भेद सांगण्याचे सोडले, म्हणून भेद बोलायचा थांबला नाही. त्या बाईसाठी अनेक इमारतींत उद्वाहन वेगळे असते आणि अनेक घरांत कपबशी वेगळी असते. तिला ‘मावशी’ म्हणतात. आपल्या आईच्या बहिणीला आठवड्याची सुट्टी नाकारावी, आजारपणाचे पैसे कापावे असे कोणी म्हणणार नाही. या मावशीच्या बाबतीत ते बिनदिक्कत घडते. नात्याचा शब्द देऊन हक्काचा शब्द टाळण्याची ही रीत आहे. महाराष्ट्राने २००८ मध्ये घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा केला. त्याखाली आपल्या घरातील मावशीची नोंदणी झाली आहे का, हे किती कार्यकर्त्यांना सांगता येईल?

सभ्यता लोपली अशी तक्रार करणाऱ्यांसाठी एक साधी कसोटी आहे. सून नवऱ्याला ‘अरे’ म्हणाली, की त्यांना संस्कृतीची चिंता वाटते. तेच गृहस्थ वडिलांच्या वयाच्या रिक्षावाल्याला, हमालाला, हॉटेलातील पोऱ्याला ‘अरे’ म्हणतात तेव्हा त्या संस्कृतीला धक्का बसत नाही. जुन्या रीतींत माणुसकीही होती, हे नाकारण्याचे कारण नाही. उन्हातून आलेल्याला गूळपाणी देणे, म्हाताऱ्याला जागा करून देणे, मयताच्या घरी शेजाऱ्यांनी चूल पेटवू न देता जेवण पोचविणे, या रीती राखण्यासारख्याच आहेत. प्रश्न एवढाच की त्या सर्वांसाठी होत्या का. गूळपाण्याचा तांब्या गावकुसाबाहेरच्या वाटसरूपुढे आला नाही, म्हणूनच बाबा आढाव यांना १९७० च्या दशकात ‘एक गाव, एक पाणवठा’ ही मोहीम हाती घेऊन गावोगाव फिरावे लागले.

कार्यकर्त्यांपुढील काम

हा सारा इतिहास झाला, असे कोणी म्हणेल. परंतु तसे नाही. मे २०१५ मध्ये शिर्डीत मोबाइलवर वाजलेल्या बाबासाहेबांच्या गाण्यावरून एका दलित तरुणाचा खून झाला. जून २०१८ मध्ये गुजरातेतील मेहसाणा जिल्ह्यात मोजडी आणि गळ्यात साखळी घातलेल्या तेरा वर्षांच्या दलित मुलाला मारहाण झाली. २०२३ मध्ये बनासकांठा जिल्ह्यात चांगले कपडे आणि काळा चष्मा घातल्याबद्दल एका दलित तरुणाला झोडपले गेले. १८५९ मध्ये त्रावणकोरच्या घोषणेत जी अट लिहिलेली होती, ती या मारणाऱ्यांच्या मनात जशीच्या तशी आहे.

चळवळीनेही आपल्या रीती तपासाव्यात. खादीचा झब्बा आणि झोळी ही एके काळी त्यागाची खूण होती. पुढे ती अनेक ठिकाणी आतल्या माणसाची खूण झाली आणि बाहेरून आलेला रंगीत शर्टातील तरुण शिबिरात अवघडून कोपऱ्यात बसू लागला. सभेत सतरंजी कोण घालते, चहा कोण करते, आभार कोण मानते आणि अध्यक्षस्थानी कोण बसते, ही यादी मागील पाच सभांपुरती जरी काढली, तरी पेहराव बदलून रीत किती बदलली ते कळेल.

आशा वाटावी असे एक उदाहरण अलीकडचेच आहे. कोल्हापूर जिल्ह्यातील शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड गावाने मे २०२२ मध्ये, राजर्षी शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीच्या निमित्ताने, विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. नवरा वारल्यावर स्त्रीच्या बांगड्या फोडणे, कुंकू पुसणे, मंगळसूत्र व जोडवी काढणे या रीती पाळायच्या नाहीत, असे गावाने ठरविले. त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनी हे अनुकरण करावे असे सांगितले. १८९० मध्ये वस्तरा खाली ठेवणाऱ्या नाभिकांचे काम एकशे बत्तीस वर्षांनी एका ग्रामपंचायतीने पुढे नेले.

ठरावाने सर्व काही होत नाही. पुढच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला विधवा शेजारणीला बोलावणे कोण पाठवते, आणि ती आल्यावर पहिले बोट तिच्या कपाळाला कोण लावते, तेथे त्याची परीक्षा होते. तिने कुंकू लावावेच असाही आग्रह धरू नये. लावायचे की नाही हे तिने ठरवावे, एवढेच गावाकडून मिळवायचे आहे. येथे जमलेल्यांपैकी बहुतेकजण कोणत्या ना कोणत्या गावचे मतदार आहेत. आपापल्या ग्रामपंचायतीने असा ठराव केला आहे का, याची विचारणा करावी. केला नसेल तर पुढील ग्रामसभेपुढे हा विषय घ्यावा असे लेखी पत्र सरपंचांकडे द्यावे. ते पत्र कोणत्या गावात कोण देणार, याची यादी हा वर्ग संपण्यापूर्वी तयार व्हावी.